क्लास लावला नाही तर पोर्टफोलिओ होणार कसा?

बारावीचं वर्ष सुरू झालं, की आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास असतो. "मुलीला आर्टला जायचंय. पोर्टफोलिओ लागतो म्हणतात. क्लास लावला नाही तर मागे पडेल का हो ती?" पोर्टफोलिओ म्हणजे प्रवेशासाठी दाखवायचा आपल्या निवडक कामाचा संच. विचारणारी बहुतेक वेळा आईच असते, आणि क्लासच्या फीचा कागद तिच्या पर्समध्ये घडी घालून ठेवलेला असतो.

गोव्यातल्या माशेलच्या बाजूच्या एका गावातून अशाच माय-लेकी आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.) मुलगी हायर सेकंडरीत कॉमर्सला, वडील कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, आणि घरात आजोबांची चित्रशाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची जागा. एका क्लासने त्यांना 'पोर्टफोलिओ पॅकेज' सांगितलं होतं: वीस तयार चित्रं, वर छापील अल्बम, फी ४० हजारांच्या घरात. पहिला हप्ता भरून झाला होता. खरं तर आईला सल्ला नकोच होता. "बरं केलंत" एवढं मी म्हणावं, म्हणून ती आली होती.

चित्रं टेबलावर मांडली. वाघाचा डोळा, राधाकृष्ण, पावसात छत्री धरलेली मुलगी, कुठल्याशा नटीचा चेहरा. शेडिंग गुळगुळीत, एक रेघ चुकलेली नाही. नटीच्या कपाळावर मात्र खोडलेल्या चौकटी पुसट दिसत होत्या. फोटोवर चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन कागदावर उतरवायचा, ती पद्धत. हात बसायला ती वाईट नाही. पण मुलगी काय बघते, कसा विचार करते, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

"यातलं समोर बघून काढलेलं कुठलं?" मी मुलीला विचारलं. ती गप्प.

"सगळी तिनंच काढलीत, बाई," आई म्हणाली. "सरांनी फक्त शेवटचा हात फिरवला."

हा शेवटचा हात फार महागात पडतो. जिथे मुलाखत असते तिथे "हे असं का केलंस?" असं विचारलं, की मुलं खाली बघतात. जिथे समोर बसून काढायचं असतं, तिथे सर बरोबर नसतात.

मग विचारलं, कॉलेज कुठलं? तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पॅकेज ठरलं होतं, कॉलेज ठरलं नव्हतं.

हे मी जवळजवळ प्रत्येक घरात बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते. पोर्टफोलिओ सगळीकडे लागत नाही. पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला, जायचं तर चित्रकलेची चाचणी द्यावी लागते. महाराष्ट्राच्या कला सीईटीत, म्हणजे तिथल्या प्रवेशपरीक्षेत, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर असतात. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेमध्ये एक भाग संगणकावर, दुसरा कागदावर हाताने काढायचा. पोर्टफोलिओ नाही, मुलाखतही नाही. ही परीक्षा जानेवारीत असते आणि कॉमर्सवाल्यांनाही चालते, हे या घराला ठाऊकच नव्हतं. फॅशन शिकवणाऱ्या निफ्टला हाताशी दिलेल्या साहित्यातून काहीतरी उभं करून दाखवावं लागतं. पोर्टफोलिओ मागतात ती काही खाजगी डिझाइन कॉलेजं आणि परदेशातली. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन १२ ते २० नमुने मागतं. वीस चित्रांचं पॅकेज तसल्याच कुठल्यातरी यादीवरून आलं असावं. माशेलच्या पोरीला तिकडे जायचंच नव्हतं.

मुलीने परीक्षांची नावं लिहून घ्यायला अकाउंट्सची वही काढली. मागची पानं उलटताना मी तिला थांबवलं. बॉलपेनने काढलेले पाट होते. चतुर्थीच्या आधी लोक आपापले पाट चित्रशाळेत आणून ठेवतात, ते भिंतीला एकावर एक टेकवलेले, प्रत्येकावर खडूने घराण्याचं नाव. पुढच्या पानावर आजोचे हात, अंगठ्याने सोंडेचा वळसा दाबताना. त्याच पानावर तोच अंगठा आणखी चार वेळा, कारण पहिल्यांदा जमला नव्हता. शेजारी कदंब बसमध्ये डुलक्या घेणारी एक म्हातारी.

"हे सरांना दाखवलंस?"

"नाही. ते खराब आलंय ना."

मला तिच्या सरांचा राग आला नाही. पालकांना गुळगुळीत चित्र हवं असतं, क्लास तेच देतो. पण निवड करणाऱ्यांना हीच पानं बघायची असतात: समोर बघून काढलेलं, चुकलेलं, पुन्हा केलेलं. लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा चित्रकलेच्या कुठल्या शाळेत शिकले नाहीत. तरुणपणी रोजनिशीत गावातली माणसं काढत राहिले. सगळेच मारियो होत नाहीत हे कबूल. तरी वहीला पर्याय नाही.

तर ठरलं ते असं. गोवा कला महाविद्यालय आणि यूसीड ही दोन उद्दिष्टं. रोज एक पान, समोर बघून, खोडरबर न वापरता. आजोच्या चित्रशाळेत माती मळण्यापासून डोळे उघडण्यापर्यंत एकच मूर्ती टप्प्याटप्प्याने काढायची. पुढेमागे एखाद्या कॉलेजने पोर्टफोलिओ मागितलाच, तर ही मालिका एकटी दहा वाघांना भारी पडेल. पानांचे फोटो दिवसाउजेडी, सावली न पाडता काढायचे आणि खाली माध्यम, आकार, वर्ष लिहायचं.

वडील पुढच्या भेटीला आले. त्यांचं म्हणणं वेगळंच. "घरचेच पाट आणि घरचाच आजो काढायचा, तर फी कसली भरायची?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांच्यासमोर तीच वही उघडली. आजोचं कोपर जागेवर नव्हतं, आणि मागचे पाट पुढच्यांइतकेच मोठे दिसत होते. हे दाखवून द्यायला, पुन्हा काढून घ्यायला शिकलेला माणूस लागतो, आणि ते काम तिचे सर नक्की करू शकत होते. क्लास सोडू नका, फक्त त्यांच्याशी नव्याने बोला, असं मी सुचवलं. ते बोलले. सर तयार झाले, जरा आनंदानेच म्हणे. छापील अल्बम रद्द झाला, उरलेल्या तासांना वस्तुचित्र आणि माणूस बसवून रेखाटन ठरलं, आणि अल्बमचे पैसे कागदाला नि यूसीडच्या फॉर्मला गेले.