शब्दांची विचारपूस : सुपारी अडकते म्हणून अडकित्ता?

प्रश्न : ताई, आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर फिरतो आहे. पावाचं पीठ पायांनी तुडवून मळायचे, हिंदीत पायाला पाँव म्हणतात, म्हणून तो पाव. तेव्हापासून सासूबाईंनी पाव खाणं सोडलं आहे. यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंना निर्धास्तपणे पाव खाऊ द्या. शब्दाचा पायाशी काही संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत पावाला जो शब्द आहे, त्याचा उच्चार 'पांव'च्या जवळ जातो. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढे त्यांच्या खाण्यापिण्याबरोबर हा शब्दही कोकणीत आणि मराठीत रुळला.

अशा वेळी मी एक गोष्ट आधी बघते : शब्द एकटा आला आहे की सोबतीनं? गोव्यात सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाव विकणारा तो 'पोदेर'. हाही पोर्तुगीज शब्द, 'पादेरु'वरून आलेला. अर्थ पाव करणारा. माल आणि तो करणारा, दोघांचीही नावं एकाच भाषेतली. शिवाय काजू, अननस, बटाटा हे त्याच जहाजांवरचे सोबती. पोर्तुगीज जपानलाही गेले होते आणि जपानी लोक आजही पावाला 'पान' म्हणतात. तिथे कुणी पायाची गोष्ट सांगत नाही. आणि मुळात ज्यांनी हा शब्द उचलला, त्या कोकणी-मराठी माणसांच्या तोंडी पायाला 'पाय'च होतं, 'पाँव' नव्हतं.

आसगावचे पाद्री सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी आशियातल्या भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेनं १९३६ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं. मिळाला तर जरूर चाळा. पगार, तुरुंग, लिलाव, चावी असे आपले किती घरगुती शब्द त्या वाटेनं आले ते कळेल.

पावशेरातला 'पाव' मात्र निराळा. तो 'पाद' म्हणजे चौथा हिस्सा यावरून आला, आणि आपला 'पाय'ही त्याच 'पाद'चा.

प्रश्न : 'अडकित्ता' हा शब्द 'अडकणे'वरून आला असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. त्यात सुपारी अडकते, म्हणून अडकित्ता. 'अडकित्त्यात सापडणे' हा वाक्प्रचारही तेच सांगतो. बरोबर ना?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, हे उत्तर इतकं चपखल बसतं की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. मलाही कित्येक वर्षं वाटली नव्हती. पण माझं लहानपण निपाणीचं, आणि या शब्दाचं उत्तर मला कोशाआधी आजीच्या चंचीत मिळालं.

आजी दुपारी जेवणं आटोपली की सोप्यात पाय पसरून बसायची. चंचीच्या एका कप्प्यात पानं, एकात कात, एकात चुन्याची डबी आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात सुपारी. पितळी अडकित्ता मात्र मांडीखाली असायचा, आम्हा पोरांच्या हाती लागू नये म्हणून. चिकोडीकडच्या एक कानडी बाई तिच्याकडे यायच्या. त्या हात पुढे करून म्हणायच्या, "अडकी कोडी." म्हणजे सुपारी द्या. आजी सुपारी कातरून द्यायची. अडकी आणि अडकित्ता दोन्ही रोज माझ्या कानावर पडत होते, पण एकमेकांशेजारी ठेवून बघायचं सुचलं ते चाळिशीत, छापखान्यात मुद्रितं तपासताना.

कन्नडमध्ये सुपारी म्हणजे 'अडिके', उत्तर कर्नाटकाच्या बोलीत 'अडकी'. कात्रीला 'कत्तरि'. दोन्ही मिळून 'अडकत्तरि', सुपारीची कात्री. आपला अडकित्ता याच घराण्यातला. 'अडकणे' त्याच्याशी नंतर जोडलं गेलं, कारण मूळ शब्दातली सुपारी आपल्याला ओळखू येईना. अनोळखी शब्दात माणूस ओळखीचा शब्द शोधतोच, आणि त्यात भाषेवरची मायाच असते. वाक्प्रचाराचंही तसंच. दोन पात्यांत सापडलेल्या सुपारीचं चित्र इतकं नेमकं आहे की तो 'अडकणे'च्या आधाराशिवायही उभा राहतो.

सुपारीच्या या द्राविडी नावाचा प्रवास इथे थांबत नाही. मलयाळममध्ये ती 'अडय्क्का'. तिथून पोर्तुगीजांनी नाव उचललं, त्यांच्याकडून ते इंग्रजीत 'अरेका' झालं. रोपवाटिकेतून आपण घरी आणतो त्या अरेका पामच्या नावात आणि आजीच्या अडकित्त्यात एकच सुपारी आहे. हे कळलं त्या दिवशी मी बहिणीला रात्री अकराला फोन केला होता.

विद्यार्थ्यांना आता सांगायचं असेल तर सोबत 'तूप'ही सांगा. कन्नडमध्ये 'तुप्प'. सीमाभागातल्या मुलांना ते घरातच सापडेल.

प्रश्न : सोबत एका बातमीचं कात्रण पाठवते आहे : 'घोटाळ्याच्या तपासात धक्कादायक खुलासा'. वडील म्हणतात हे मराठी नव्हे. मला तर यात काही चूक दिसत नाही.
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : वडिलांच्या बाजूनं मी आहे. कार्यालयात कारणे दाखवा नोटीस आली की कर्मचारी लेखी खुलासा देतो. गैरसमज झाला की आपण खुलासा करतो. मराठीत खुलासा म्हणजे शंका फेडणारं स्पष्टीकरण. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सार, निचोड. हिंदी बातम्यांत मात्र तो 'गुपित उघड करणे' या अर्थानं चालतो आणि भाषांतराच्या घाईत तसाच आपल्याकडे येतो.

शब्द बाहेरून आला याबद्दल माझी तक्रार नाही. वरची दोन उत्तरं वाचलीत तर ते लक्षात येईलच. पण पाव आला तेव्हा आपल्याकडे ती वस्तूच नव्हती. इथे आपला चालता अर्थ पुसला जातो आहे. उद्या 'अधिकाऱ्याचा खुलासा' असा मथळा आला, तर अधिकाऱ्यानं स्वतःची बाजू मांडली की दुसऱ्याचं बिंग फोडलं, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? गौप्यस्फोट, उघडकीस येणे, बिंग फुटणे, एवढे शब्द हाताशी आहेत. तुमचं कात्रण माझ्या टेबलावर आलं असतं, तर 'धक्कादायक खुलासा' खोडून मी समासात लिहिलं असतं : 'घोटाळा तपासात उघड'.