सानिया मिर्झा एकेरी सोडून दुहेरीकडे वळली, हे तिचं अपयश मानायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमची मुलगी १३ वर्षांची, वाशीला टेनिस खेळते. मनगट दुखतं म्हणून कोच म्हणतात, काही महिने एकेरी कमी करा, दुहेरी खेळवा. आणि घरात कुणीतरी बोलून गेलं की "सानियासुद्धा एकेरीत जमेना म्हणूनच दुहेरीत गेली." हे बोलणं मुलीच्या कानावर पडलं, तेव्हापासून ती रुसून बसली आहे. म्हणून तुम्ही विचारताय, ते खरं आहे का.

खरं नाही. आणि तिला ते पटवून द्यायचं असेल तर सानियाची कारकीर्द तारखांसकट तिच्यासमोर मांडा. तारखाच पुरेशा बोलक्या आहेत.

मी कोच नाही. नेरुळला माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, २००३ पासून रॅकेटचं गटिंग, म्हणजे रॅकेटला तारा बांधायचं काम करतो. सानिया ज्या वर्षी नावारूपाला आली, त्याच सुमारास मी मशीन घेतलं. त्यामुळे तिचा सगळा प्रवास माझ्या डोळ्यांसमोर झाला असं म्हणायला हरकत नाही.

आधी तो "वळली" शब्द बाजूला ठेवा. सानियाचा जन्म मुंबईचा, पण वाढली हैदराबादला. सहाव्या वर्षी निजाम क्लबात रॅकेट धरली. २००२ च्या बुसान एशियाडमध्ये १५ वर्षांची असताना लिअँडर पेसबरोबर मिश्र दुहेरीत ब्राँझ मिळवलं. २००३ मध्ये विम्बल्डनचं मुलींचं दुहेरीचं जेतेपद, रशियाच्या अलिसा क्लेबानोव्हाबरोबर. २००४ मध्ये हैदराबादच्या स्पर्धेत लिझेल ह्युबरबरोबर दुहेरी जिंकली, ते तिचं पहिलं डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिसची जागतिक संघटना) जेतेपद. एकेरीचं डब्ल्यूटीए जेतेपद त्यानंतर वर्षभरानं, २००५ च्या फेब्रुवारीत, त्याच हैदराबादमध्ये आलं. म्हणजे दुहेरी तिच्या हातात आधीपासून होती. ती दोन्ही खेळत होती. पुढे शरीरानं एक सोडायला लावलं.

आता एकेरीत "जमेना" म्हणणाऱ्यांसाठी २००५ सालाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आजच्या मुलांना त्या वर्षाची कल्पना नाही. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत पोहोचली, ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांत, तिथवर गेलेली पहिली भारतीय महिला. तिथे सेरेना विल्यम्सकडून हरली, पण दुसऱ्या सेटमध्ये तिला ६-४ पर्यंत खेचलं. मार्चमध्ये दुबईत स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला सरळ दोन सेटमध्ये हरवलं, आणि कुझनेत्सोव्हा त्या वेळी अमेरिकन ओपनची विजेती होती! सप्टेंबरमध्ये स्वतः अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत, मारिया शारापोव्हासमोर. १८ वर्षांची पोरगी. त्याआधी आपल्याकडे महिला टेनिसची मोठी बातमी म्हणजे १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथननं ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत जिंकलेला एक सामना. १९६८ नंतरच्या ओपन युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला, आणि ते यशही लहान नव्हतं. पण त्यानंतर सातच वर्षांत ही मुलगी कुठे जाऊन पोहोचली ते बघा.

त्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या दुकानात आलेल्या आया मला अजून आठवतात. मुलाला क्रिकेटची बॅट आणि मुलीला बॅडमिंटनची रॅकेट, हा ठरलेला हिशोब होता. त्या वर्षी पहिल्यांदा मुली स्वतः पुढे होऊन टेनिसची रॅकेट दाखवा म्हणाल्या. २००७ च्या ऑगस्टमध्ये सानिया एकेरीत जगात २७ वी झाली. आजवर दुसऱ्या कुठल्याही भारतीय महिलेला तो आकडा गाठता आलेला नाही. याला "जमेना" म्हणायचं असेल तर मग जमणं कशाला म्हणायचं?

तिच्या खेळात कमतरता नव्हत्या असं नाही. दुसरी सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकल्यावर मिळणारी, कच्ची होती, हे तिच्या चाहत्यांनाही दिसायचं. एकेरीत दर दुसऱ्या गेमला सर्व्हिस आपल्यावर येते आणि समोरची खेळाडू त्या दुसऱ्या सर्व्हिसवर तुटून पडते. दुहेरीत आपली पाळी चार गेममधून एकदा येते, शिवाय जाळ्याजवळ जोडीदार उभी असते. म्हणजे समोरचीला मोकळेपणानं परतवता येत नाही. कोर्ट २७ फुटांऐवजी ३६ फूट रुंद असतं, पण त्यात दोघी असतात. पळापळ कमी, आणि पहिल्या दोन-तीन फटक्यांत पॉइंटचा निकाल. सानियाचा फोरहँड नेमका त्या दोन-तीन फटक्यांसाठीच घडवल्यासारखा होता.

तो फोरहँड कसा होता, हे तुमच्या मुलीला जुन्या व्हिडिओत मुद्दाम दाखवा. बहुतेक जणी खांदा आणि कंबर वळवून जोर काढतात. सानिया चेंडू जवळ येईपर्यंत थांबायची आणि शेवटच्या क्षणी मनगटाचा असा फटकारा द्यायची की चेंडू कुठे जाणार हे समोरचीला कळायचंच नाही. मनगट रबरासारखं लवायचं. जे मनगट तिचं हत्यार होतं, तेच दगा देऊन गेलं. २००८ हे वर्ष त्यातच गेलं. बीजिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत, चेक प्रजासत्ताकाच्या इव्हेटा बेनेशोव्हाविरुद्ध, उजव्या मनगटाच्या दुखण्यानं तिला सामना अर्धवट सोडावा लागला. मनगटाची शस्त्रक्रिया झाली. गुडघ्यांच्याही झाल्या.

इथे माझ्या कामाचं थोडं सांगतो, कारण तुमच्या मुलीचं मनगट मला सानियाच्या इतिहासापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

मागच्या मे महिन्यात एक मुलगी वडिलांबरोबर दुकानात आली होती. वय साधारण तुमच्या मुलीएवढंच. उजव्या मनगटाला पट्टी. वडील म्हणाले, "भाऊ, टीव्हीवरच्या खेळाडू वापरतात ती तार टाका, आणि ५८ पौंड ताणावर घट्ट बांधा, चेंडू बाहेर जातात हिचे." रॅकेट मशीनवर चढवली. आधीची तार पॉलिएस्टरची होती, वर्ष-दीड वर्ष जुनी. न तुटल्यामुळे बदललीच नव्हती. अंगठ्यानं दाबली तर जाळी जरासुद्धा लवेना, वाजवली तर टण् न वाजता नुसता बद्द आवाज. पॉलिएस्टर असंच असतं. तुटत नाही, पण आतून मरतं, आणि मेलं की चेंडूचा प्रत्येक हादरा थेट हातात उतरतो. मी मुलीला विचारलं, "बेटा, दुखतं कधी? मारताना की नंतर?" ती वडिलांकडे बघत हळूच म्हणाली, "काका, रात्री. दप्तर उचलताना."

वडील एकदम गप्प झाले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

मी पॉलिएस्टर कापून काढली, मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची) तार टाकली आणि ताण ४८ पौंडांवर आणला. रॅकेटही मोठ्या माणसाची, ३०० ग्रॅमची होती. ती हलकी घ्या म्हणालो, आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या. नव्या तारेचे पैसे त्या दिवशी घेतले नाहीत. तारेनं दुखणं बरं होतं असा माझा दावा नाही, ते डॉक्टरांचं काम. पण दुखऱ्या हातावर रोज शेकडो हादरे बसू नयेत एवढं तरी आपल्या हातात आहे. तुम्हीही आज घरी गेल्यावर मुलीच्या रॅकेटला कुठली तार आहे आणि ती शेवटची कधी बदलली, ते बघा. कोचना ताण विचारा. बहुतेक आईवडिलांना मुलांच्या बुटाचा नंबर पाठ असतो, रॅकेटचा ताण ठाऊक नसतो.

पुन्हा सानियाकडे येतो. बीजिंगनंतर सहा महिन्यांच्या आत ती मेलबर्नला महेश भूपतीबरोबर मिश्र दुहेरीची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. तिचं पहिलं ग्रँड स्लॅम. २०१२ मध्ये दोघांनी फ्रेंच ओपनही जिंकली. त्यानंतर मात्र तिनं एकेरी थांबवली. विचार करा, देशात सगळ्यात वरच्या क्रमांकावर असलेली खेळाडू स्वतःहून एक दार बंद करते. लोकांनी तेव्हाही हेच म्हटलं होतं, जे तुमच्या घरात म्हटलं गेलं.

२०१४ मध्ये ब्रुनो सोआरेसबरोबर अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी. महिला दुहेरीचं ग्रँड स्लॅम मात्र राहिलं होतं. २०१५ च्या मार्चमध्ये मार्टिना हिंगिस जोडीला आली आणि दोघींनी पहिल्याच तीन स्पर्धा लागोपाठ जिंकल्या: इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन. एप्रिलमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली. आणि ही हिंगिस कोण? १६ व्या वर्षी एकेरीत जगात पहिली झालेली, एकेरीची पाच ग्रँड स्लॅम जिंकलेली. घोट्याच्या दुखण्यानं तिलाही ऐन बहरात थांबावं लागलं होतं, ती परत आली आणि शेवटी दुहेरीतच रमली. तिच्याबद्दल "जमेना म्हणून" असं म्हणायची कुणाची छाती नाही. मग सानियाबद्दल का?

त्या जुलैचा विम्बल्डनचा अंतिम सामना मी घरी पाहिला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, बायको आणि मुलगा झोपलेले, टीव्हीचा आवाज अगदी बारीक. समोर एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना वेस्निना. पहिला सेट ५-७ गेला, दुसरा टायब्रेकवर घेतला. तिसऱ्यात २-५ अशा मागे. मला वाटलं, संपलं. तिथून ५-५ झालं, अंधार पडायला लागला म्हणून सेंटर कोर्टचं छत ओढून घेतलं. ते छत सरकत असतानाची वाट बघणं मी जन्मात विसरणार नाही. परत आल्या आणि ७-५ नं जिंकल्या. महिला दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारी पहिली भारतीय महिला. मी एकटाच हॉलमध्ये उभा राहून रडत होतो.

पुढे त्याच वर्षी अमेरिकन ओपन, २०१६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन, मधे सलग ४१ सामने जिंकले. एकूण ९१ आठवडे दुहेरीत जगात अव्वल. सहा ग्रँड स्लॅम, तीन महिला दुहेरीची आणि तीन मिश्र. डब्ल्यूटीएची ४३ दुहेरी जेतेपदं. त्यातलं होबार्टचं जेतेपद २०२० च्या जानेवारीतलं. बाळंतपणानंतर परतल्यावरची ती पहिलीच स्पर्धा होती. एकेरीच्या रोजच्या पळापळीत तिचे गुडघे आणि मनगट तोवर टिकले असते असं मला वाटत नाही.

२०२३ मध्ये, ३६ व्या वर्षी, ती थांबली. मेलबर्नला मिश्र दुहेरीचा अंतिम सामना रोहन बोपण्णाबरोबर खेळली. १४ वर्षांची असताना तिचा पहिला मिश्र दुहेरीचा जोडीदार तोच होता. हरले दोघे, पण सामना संपल्यावर बोलताना तिचा गळा दाटून आला आणि समोर तिचा चार वर्षांचा मुलगा होता. शेवटचा सामना फेब्रुवारीत दुबईत. लगेच मार्चमध्ये पहिली महिला प्रीमियर लीग झाली, तेव्हा ती बंगळुरूच्या संघाची मार्गदर्शक होती, आणि त्या लीगचे सामने मुंबईत ब्रेबॉर्नवर आणि आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. क्रिकेटच्या मुलींना हरणं-जिंकणं कसं झेलायचं हे सांगायला टेनिसच्या बाईला बोलावलं, याचा मला फार अभिमान वाटला होता.

एक गोष्ट मात्र सानियाच्या उदाहरणातून काढू नका. १३ व्या वर्षी एकेरी कायमची सोडून द्यायची, असा त्याचा अर्थ होत नाही. तिचा फोरहँड, तिचं रिटर्न, दडपणात खेळायची सवय, हे सगळं एकेरीच्या शेकडो सामन्यांत तयार झालं होतं. तुमचे कोचही "कमी करा" म्हणताहेत, "सोडा" म्हणत नाहीत. मला त्यांचं म्हणणं योग्य वाटतं. दुहेरीत जाळ्याजवळचा खेळ आणि रिटर्न सुधारतं, मनगटाला दम मिळतो, आणि या वयात जोडीदाराबरोबर खेळायला मुलांना आवडतंही.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती पहिला एकेरीचा सामना खेळेल, तेव्हा एक छोटी वही घेऊन बसा. दुसऱ्या सर्व्हिसवर किती पॉइंट गेले त्याच्या रेघा ओढा, आणि गेमच्या मधल्या वेळात ती डाव्या हातानं उजवं मनगट धरते का, तेवढं बघा. धरलं की वेळ लिहा. स्कोअर लिहायची गरज नाही. ती वही कोचना दाखवा आणि मगच पुढच्या महिन्याचं ठरवा.