पिल्लाच्या आधी त्याची आई पाहावी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. दहा वर्षांच्या मुलीचा दोन वर्षांचा हट्ट अखेर मान्य करून आम्ही कॅव्हापू (कॅव्हेलियर आणि पूडल या जातींच्या कुत्र्यांचा संकर) पिल्लू घ्यायचे ठरवले आहे. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीतल्या एका अमिश (जुन्या वळणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) शेतकऱ्याची जाहिरात पाहून २०० डॉलर इसार दिला असून येत्या शनिवारी पिल्लू आणायला जायचे आहे. यजमानांचे म्हणणे असे, की साध्या, देवभीरू, शेतावर राहणाऱ्या माणसांकडचे पिल्लू दुकानातल्यापेक्षा निरोगीच असणार. मंडळातल्या एका मैत्रिणीने मात्र सांगितले, की अमिश लोकांकडे कुत्र्यांचे कारखानेच असतात, तिथून काहीही घेऊ नका. इसार सोडून द्यावा का? आणि आम्ही नेले नाही, तर त्या पिल्लाचे काय होईल?
– एक आई

उत्तर : तुमच्या यजमानांचा तर्क मला चांगलाच परिचित आहे, कारण तो आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरातून आलेला आहे. गावरान अंडी, गावरान तूप, घाण्याचे तेल. शहराबाहेरचे ते अस्सल, ही आपली जुनी समजूत. भारतातून आई-वडील आले की आपण त्यांना लँकेस्टरला नेतो, घोडागाडीत बसवतो, वाळत घातलेले काळे-निळे कपडे आणि हातांनी शिवलेल्या गोधड्या दाखवतो, आणि ती समजूत आणखी घट्ट होते. गोधडीच्या बाबतीत ती खरीही आहे, कारण गोधडी उलटून तिचा टाका पाहता येतो. पिल्लू मात्र आंघोळ घालून, हातात धरून अंगणात आणले जाते, आणि ज्या जागेत ते जन्मले ती जागा बहुधा रस्त्यावरून दिसत नाही.

तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे निराधार नाही, पण ते सरसकट आहे. व्यापारी पैदास अमिश लोकांनी सुरू केलेली नाही आणि ती त्यांच्यापुरती मर्यादितही नाही. मिसुरी आणि आयोवा या राज्यांत ती मोठ्या प्रमाणावर चालते आणि तिथले अनेक पैदासकार अमिश नाहीत. तरीही पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर, ओहायोत होम्स काउंटी आणि इंडियानाचा उत्तर भाग ही अमिश वस्तीची ठिकाणे पैदासीच्या संदर्भात वारंवार पुढे येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याचे कारण शोधताना धर्माच्या आधी जमिनीकडे पाहावे लागते. अमिश घरांत सहा-सात मुले सर्रास असतात, प्रत्येक मुलाला पुरेल इतकी शेती आता उरलेली नाही, लँकेस्टरमधील जमिनीचे भाव गगनाला भिडले आहेत आणि लहान दुग्धव्यवसाय परवडेनासा झाला आहे. अशा वेळी रिकाम्या गोठ्यात थोड्या भांडवलावर चालणारा, घरातल्या मुलाबाळांना हाताशी घेऊन करता येणारा आणि बाहेर नोकरीला जावे न लागणारा हा जोडधंदा अनेकांनी धरला. मुळात कुत्रा हा घरातला सोबती नसून गाय-डुकरासारखे शेतावरचे जनावर आहे, ही दृष्टीही त्याला पूरक ठरली. आपल्याकडेही राखणीचा कुत्रा ओसरीच्या आत येत नसे, तेव्हा या दृष्टीचे आपल्याला फार नवल वाटण्याचे कारण नाही. आक्षेप कुत्रा गोठ्यात राहतो याला नाही. आयुष्यभर तिथून बाहेर न काढता, प्रत्येक माजाला गाभण ठेवून, वेतामागून वेत घेतले जाते आणि ती मादी निकामी झाली की तिची विल्हेवाट लावली जाते, हा आक्षेप आहे.

आता तुम्ही विचाराल, की यावर सरकारी देखरेख नाही का. देखरेख आहे, पण तिची मर्यादा समजून घ्यावी. प्राणिकल्याणाचा केंद्रीय कायदा १९६६ चा. १९७० च्या दुरुस्तीने तो घाऊक विक्री करणाऱ्या पैदासकारांना लागू झाला. त्याखालील नियमांनुसार पिंजऱ्याचे किमान मोजमाप असे काढतात : कुत्र्याची नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी घ्यायची, त्यात ६ इंच मिळवायचे आणि तेवढ्या बाजूचा चौरस धरायचा. तुमच्या कॅव्हापूची आई २० इंच लांबीची असेल, तर तिला २६ इंच बाजूचा चौरस मिळतो. आपल्या घरातला कॅरम बोर्ड जमिनीवर ठेवून पाहा. त्याची आतली खेळण्याची जागाच २९ इंचांची असते. डोक्यावर ६ इंच मोकळे असले, की उंचीचा नियमही पुरा होतो. पिल्ले अंगावर असलेल्या मादीला अधिक जागा द्यावी लागते, हे खरे. पण पाय जाळीतून खाली जाणार नाहीत अशी तारेची फरशी या नियमांना चालते. म्हणजे ‘आमच्याकडे सरकारी परवाना आहे’ हे वाक्य खरे असूनही त्याचा अर्थ एवढाच होऊ शकतो, की ती कुत्री कॅरम बोर्डाहून लहान जागेत कायद्याप्रमाणे राहते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या शनिवारच्या फेरीशी संबंधित आहे. २०१३ मध्ये केंद्रीय कृषी विभागाने नियम बदलून, न पाहता इंटरनेटवरून पिल्ले विकणाऱ्यांनाही परवाना बंधनकारक केला. यात पैदाशीच्या चार किंवा त्याहून कमी माद्या असलेल्यांना सूट आहे, आणि खरेदीदार, विक्रेता व प्राणी तिघे समोरासमोर असतील अशा विक्रीलाही सूट आहे; मग ती भेट शेतावर होवो की वाटेतल्या एखाद्या वाहनतळावर. यामागचा विचार असा, की ग्राहक स्वतः प्राणी पाहणार आहे, तेव्हा वेगळ्या निरीक्षकाची गरज नाही. दुसऱ्या शब्दांत, तुम्ही स्वतः गाडी चालवत जाता आहात म्हणूनच कदाचित त्या शेतकऱ्याला केंद्रीय परवाना लागत नसेल, आणि कायद्याने निरीक्षकाचे काम तुमच्या गळ्यात घातले आहे. ते काम करायचे असेल, तर पिल्लापाशी थांबून भागणार नाही.

पेनसिल्व्हेनियाचा स्वतःचा कायदा केंद्रापेक्षा बराच कडक आहे, आणि तो तसा होण्यामागे एक दुःखद घटना आहे. २००८ च्या उन्हाळ्यात बर्क्स काउंटीतील दोन केनेलमालकांना (केनेल म्हणजे कुत्र्यांच्या पैदाशीची जागा) काही कुत्र्यांची पशुवैद्याकडून तपासणी करून घेण्याचा आदेश मिळाला; त्यांनी सुमारे ८० कुत्र्यांना गोळ्या घालून प्रश्न मिटवला, आणि त्या वेळच्या कायद्यानुसार हा गुन्हा नव्हता. त्याच वर्षी गव्हर्नर एड रेंडेल यांनी सही केलेल्या दुरुस्तीने व्यापारी केनेलमधील प्रौढ कुत्र्यांसाठी तारेची फरशी आणि एकावर एक रचलेले पिंजरे बंद केले, जागा वाढवली, मोकळ्या जागेत फिरण्याची सोय आणि वर्षातून दोनदा पशुवैद्यकीय तपासणी सक्तीची केली, आणि मालकाने गोळी घालण्यास मनाई केली. त्यानंतर राज्यातील व्यापारी केनेलची संख्या पुष्कळ घटली. मात्र हे नियम दुकानांना किंवा दलालांना कुत्री पुरवणाऱ्यांना, अथवा वर्षाला ६० हून अधिक कुत्री विकणाऱ्यांना लागू आहेत. त्याखाली राहून थेट ग्राहकाला विकणाऱ्यांना सौम्य नियम लागतात, आणि वर्षभरात २६ कुत्र्यांचा आकडा गाठला नाही तर केनेलचा परवानाही लागत नाही. राज्याच्या कृषी विभागाच्या संकेतस्थळावर परवानाधारक केनेलचे तपासणी अहवाल वाचायला मिळतात. शेतकऱ्याचे नाव घालून आज रात्रीच पाहा. नाव सापडले नाही, तर तेही विचारण्यासारखे आहे.

आता शनिवारविषयी. जाण्यापूर्वी फोनवर एकच प्रश्न स्पष्ट विचारावा : पिल्लाची आई आणि ती जिथे राहते ती जागा आम्हाला पाहता येईल का? लस न झालेल्या पिल्लांना पार्व्होसारखा रोग लागू नये म्हणून परक्या माणसांना आत घेत नाही, असे उत्तर मिळू शकते आणि ते अगदीच खोटे नाही. बूट झाकून, काहीही न शिवता दारातून पाहू, असे म्हणावे. त्यावरही नकार आला, किंवा आई ‘दुसऱ्या शेतावर’ असल्याचे सांगितले, तर ते पिल्लू तिथे जन्मलेले नसण्याची शक्यता धरून चालावे. आई दिसली, तर तिच्याकडे नीट पाहा. व्यालेली मादी थोडी खंगलेली असतेच, पण तिचे दात, पंजे आणि गवतावर टाकलेले पहिले पाऊल पुष्कळ सांगून जाते. जाळीवर वाढलेल्या कुत्र्याचे पंजे पसरलेले असतात आणि त्याला जमिनीचीच भीती वाटते. हाक मारल्यावर ती मालकाकडे येते की भिंतीला टेकते, हेही पाहा. व्यापारी पैदाशीतून निवृत्त झालेल्या कुत्र्यांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे जेम्स सर्पेल सहभागी होते, अशा कुत्र्यांमध्ये भीती इतर पाळीव कुत्र्यांपेक्षा ठळकपणे जास्त आढळली. पिल्लाचा स्वभाव घडण्याचे दिवस साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचे. म्हणजे तुमच्या घरी येण्यापूर्वीच त्यांतले निम्मे दिवस त्याने त्या आईजवळ घालवलेले असतात.

मग कागद मागावेत. ‘पशुवैद्याने तपासले’ याचा अर्थ बहुधा पिल्लाला लस आणि जंताचे औषध दिले, इतकाच असतो. कॅव्हेलियर जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार आढळतो आणि पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून आई-बापाच्या हृदयाच्या आणि सांध्यांच्या तपासण्यांचे दाखले विचारावेत. संकरित पिल्लू आपोआप निरोगी असते, हा विक्रीचा मंत्र आहे. तिथे फोटो काढण्याचा मोह आवरावा. अमिश माणसांना स्वतःची छायाचित्रे काढलेली चालत नाहीत, आणि तुमची तपासणी सभ्यतेने झाली तर उत्तरेही अधिक खरी मिळतात. सगळे काही दाखवण्याजोगे असलेली अमिश केनेलही आहेत. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या ‘कॅनाइन केअर सर्टिफाइड’ या प्रमाणन व्यवस्थेत अमिश पैदासकारही सामील झाले आहेत, तेव्हा आडनाव पाहून निकाल देऊ नये.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला सर्वांत अवघड जाते. तुम्ही नेले नाही तर ते पिल्लू बहुधा दुसरे कोणी नेईल, किंवा भाव उतरवून विकले जाईल. जागा वाईट दिसली आणि तरीही दया येऊन तुम्ही पैसे मोजले, तर तुमच्या दृष्टीने ती सुटका असेल, पण विकणाऱ्याच्या वहीत ती साधी विक्री म्हणूनच लिहिली जाते आणि त्या मादीचे पुढचे वेत त्या पैशांवर ठरते. मुलीला सोबत नेऊ नका, असे मी त्यासाठीच सुचवते. पिल्लू तिच्या कुशीत गेल्यावर तुमच्याच्याने परत देववणार नाही. जे पाहिले ते गंभीर असेल, तर राज्याच्या श्वान कायदा विभागाकडे तक्रार करावी.

२०० डॉलर सोडून देणे जड वाटत असेल, तर आजारी पिल्लाचे पशुवैद्याचे एका रात्रीचे बिल डोळ्यांपुढे आणावे. पिल्लू घेतलेच, तर हे ध्यानात असू द्या, की खरेदी पेनसिल्व्हेनियात होत असल्याने न्यू जर्सीच्या अधिक उदार मुदती तुमच्या कामी येणार नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेले पिल्लू १० दिवसांत आजारी असल्याचे, किंवा ३० दिवसांत जन्मजात दोष असल्याचे पशुवैद्याने लिहून दिले, तरच परतावा, बदली किंवा खरेदीच्या किमतीपर्यंत उपचाराचा खर्च मागता येतो. म्हणून घरी आल्यावर दोन-तीन दिवसांतच आपल्या पशुवैद्याकडे न्यावे.

आणखी एक वाट आहे, ती यजमानांच्या कानावर घालून ठेवा. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतील अनेक बचाव संस्थांकडे अशाच केनेलमधून निवृत्त झालेल्या पाच-सहा वर्षांच्या माद्या येतात. त्यांना जिना चढणे शिकवावे लागते, कुकरच्या शिट्टीने त्या पलंगाखाली जातात, आणि विश्वास बसायला काही महिने लागतात. दहा वर्षांच्या मुलीला ते झेपेल की नाही, हे तुम्हीच ओळखाल. माझ्या ओळखीच्या एका मराठी घरात अशी एक कुत्री आहे. ती पहिले तीन आठवडे स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीच बसून असे, आणि आता भारतातून आलेल्या आजींच्या पायांशी झोपते.

तो फोन मात्र शनिवारच्या आत करा. रविवारी अमिश घरांत कोणताही व्यवहार होत नाही, आणि शनिवारी दारात पोहोचल्यावर हा प्रश्न विचारणे तुम्हाला फार जड जाईल.