गाडीचा वारस कोण?

एका वाचकाने विचारले आहे: 'लिंकन कॉन्टिनेन्टल या जुन्या अमेरिकी आलिशान गाडीवर मराठीत लिहितो आहे. एक मॉडेल बंद होऊन त्याच्या जागी दुसरे येते, त्या "सक्सेसर"ला वारस म्हणावे, वारसदार की उत्तराधिकारी?'

माझे मत विचाराल तर तिन्ही नकोत. 'उत्तराधिकारी' मठाला किंवा पक्षाला शोभतो. शिवाय गाडी स्त्रीलिंगी. 'उत्तराधिकारिणी' एकदा लिहून पाहा, आपोआप खोडाल. 'वारस' अरबीतून फारसीमार्गे आला आणि मिळकतीला चिकटला. 'गाडीचा वारस' म्हटले की डोळ्यांपुढे मालकाचा मुलगा किल्ली घेऊन उभा राहतो. रस्त्याकडेला धूळ खात पडलेल्या गाडीला आपण 'बेवारस' म्हणतो, ते तिच्यानंतरचे मॉडेल निघाले नाही म्हणून नव्हे! ('वारस'मध्येच घेणारा आला, मग 'दार' कशाला, हा 'वारसदार'वरचा आक्षेप मला पटतो, पण शब्द रुळलाय, त्याच्या वाटेला जात नाही.)

साध्या क्रमाला 'पाठची' पुरे. पाठची बहीण, तशी पाठची गाडी.

पण तुम्ही निवडलेल्या घराण्यात क्रम साधा नाही. लिंकन ही फोर्ड कंपनीचीच शाखा. हेन्री फोर्ड यांचे पुत्र एडसेल यांनी १९३९ साली फ्लोरिडातल्या सुट्टीसाठी स्वतःपुरती एक गाडी करवून घेतली. वळण युरोपीय, म्हणून 'कॉन्टिनेन्टल'. ती पाहून ओळखीपाळखीचे मागू लागले आणि गाडी बाजारात आली. युद्धात खंड पडला, १९४८ साली बंद झाली. पुढे एडसेल यांचे धाकटे चिरंजीव विल्यम यांच्या देखरेखीखाली १९५६ची 'मार्क टू' निघाली. किंमत सुमारे १०,००० डॉलर, दोन वर्षांत गाड्या जेमतेम ३,०००, आणि तरीही कंपनीला तोटाच. १९५८, ५९ आणि ६० साली मार्क थ्री, फोर, फाइव्ह आल्या. धिप्पाड, मार्क टूचा तोल नसलेल्या. १९६१ची कॉन्टिनेन्टल बिनक्रमांकाची, मागची दारे उलटी उघडणारी. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली ती गाडी याच मॉडेलची.

गंमत पुढे आहे. १९६८ साली फोर्डचे अधिकारी ली आयकोका यांच्या पुढाकाराने फोर्डच्याच थंडरबर्ड गाडीच्या सांगाड्यावर, पुढे रोल्स-रॉइसछाप जाळी बसवून, एक नवी गाडी आली. नाव? पुन्हा 'मार्क थ्री'! आधीची तीन भावंडे बेदखल, आणि ही थेट मार्क टूच्या गादीवर. नंतर १९७२ला पुन्हा मार्क फोर, १९७७ला पुन्हा मार्क फाइव्ह.

हिला 'पाठची' म्हणता येत नाही, मध्ये दहाएक वर्षे गेलेली. 'तोतया' म्हणावे, तर तो बाहेरून येऊन हक्क सांगतो. हिला घराण्यानेच बसवले. मूळ धनी गेल्यावर मागाहून घेतलेल्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: दत्तक. '१९६८ची मार्क थ्री मार्क टूच्या गादीवर दत्तक आली' असे बिनधास्त लिहा. साल मात्र गाळू नका, नाहीतर वाचक १९५८च्या थ्रीकडे जाईल.

आणि कॉन्टिनेन्टल २००२ला थांबून २०१७ला परतली, २०२०ला पुन्हा गेली. त्यानंतर लिंकनने अमेरिकेत सेडानच ठेवली नाही. तिथे तुम्हाला 'सक्सेसर'ऐवजी 'निर्वंश' हा शब्द लागेल.