इलेक्ट्रिक गोल्फ कार्टची वर्षभर काळजी कशी घ्यायची? सीझन संपल्यावर गाडी तीन-चार महिने उभी राहणार आहे, तर बॅटरी पूर्ण उतरवून ठेवावी का?

नाही. अजिबात नाही. हे उतरवून ठेवायचं तुम्हाला ज्याने कोणी सांगितलंय त्याचं ऐकू नका, बाकी उत्तर नाही वाचलं तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा.

मी बरीच वर्षं एका रिसॉर्टच्या कार्ट सांभाळायचो. सगळ्या 48 व्होल्टच्या, प्रत्येकीत 8 व्होल्टच्या 6 बॅटऱ्या, पाणी घालायच्या साध्या लेड-ॲसिड. सीझन संपला की गाड्या शेडमध्ये लागायच्या आणि मी अधूनमधून फिरून चार्ज करायचो, कधी तक्रार नाही. मग नवीन मॅनेजर आले. त्यांनी हुकूम सोडला की सगळ्या गाड्या पार बंद पडेपर्यंत फिरवा, मग शेडमध्ये लावा आणि चार्जरची लाइनच बंद करून टाका, त्याने बॅटरीला आराम मिळतो आणि लाइटबिलही वाचतं. मी तिथल्या तिथे सांगितलं की साहेब, हे निकेल-कॅडमियमच्या सेलचं आहे, त्यांना मेमरी इफेक्ट असायचा म्हणून लोक पूर्ण उतरवून मग चार्ज करायचे, लेड-ॲसिडला मेमरी-बिमरी काही नसते. उलट ही बॅटरी उतरली की प्लेटवर लेड सल्फेट बसतं, लगेच चार्ज केली तर ते परत निघून जातं, पण तशीच ठेवली तर त्याचे खडे मोठे आणि कडक होत जातात आणि मग कितीही वेळ चार्जर लावा, उपयोग नाही. तर चारचौघांत मला म्हणाले, "तुम्ही गाड्या पुसा, बॅटरीचं मी बघतो."

सीझन उघडला, प्लग लावले, चार्जर सुरूच होईनात. (बऱ्याच ऑटोमॅटिक चार्जरना पॅकमध्ये, म्हणजे जोडलेल्या सगळ्या बॅटऱ्यांत मिळून, ठरावीक व्होल्टेज दिसल्याशिवाय ते चालूच होत नाहीत, त्यामुळे चार्जर बिघडला असं समजून आधी चार्जर बदलू नका.) आणि मीटिंगमध्ये खापर माझ्यावर. म्हणे ह्यांनी पाणी बघितलं नाही म्हणून बॅटऱ्या गेल्या.

मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेलो, सीट उचलली, झाकणं काढली आणि टॉर्च मारला. प्लेटा पूर्ण बुडालेल्या, पाण्याची लेव्हल जिथे हवी तिथे. मग हायड्रोमीटरने (बॅटरीतलं पाणी ओढून ते किती जड आहे हे दाखवणारी पिचकारी) पाणी ओढलं, आतला तरंगा वर यायलाच तयार नाही, ग्रॅव्हिटी, म्हणजे साध्या पाण्याच्या किती पट जड तो आकडा, 1.100 च्या आसपास. भरलेल्या सेलला 1.265 ते 1.280 यायला पाहिजे. आणि एखादा सेल नाही, सगळेच्या सगळे सेल सारखेच बसलेले. पाणी कमी पडून बॅटरी जाते तेव्हा प्लेटांची वरची कड उघडी पडून सुकलेली दिसते आणि एक सेल बरा एक वाईट असा फरक असतो, इथे तसलं काहीच नव्हतं. त्यात एक गाडी रात्रीच्या वॉचमनकडे होती, ती तो फिरवायचा आणि ऑफिसच्या प्लगवर रोज चार्ज करायचा. त्याच लॉटच्या बॅटऱ्या, पाणी माझ्याच हातचं, आणि ती गाडी पहिल्यासारखी पळत होती. मी तिचीही झाकणं उघडून रीडिंग दाखवलं. कोणी काही बोललं नाही, नवीन बॅटऱ्या आल्या, पण रिपोर्टमध्ये 'पाणी कमी' हेच राहिलं. ते मला आजही मान्य नाही.

तर तुमचं. उभी करण्याआधी पूर्ण चार्ज करा, मग लेव्हल बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. चार्ज झाल्यावर, आधी नाही, कारण चार्ज होताना पाणी वर चढतं आणि भरून ठेवलेलं असेल तर ॲसिड उतू जाऊन ट्रे आणि फ्रेम खातं. प्लेट उघड्या असतील तरच चार्जच्या आधी त्या बुडतील एवढं घाला. ॲसिड कधीच घालायचं नाही, नळाचं पाणीही नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं आलं असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर सेल गेला), सुकवा, लग (वायरच्या टोकाची टर्मिनलवर बसणारी कडी) आवळा, वर व्हॅसलिन. टो-रनचा स्विच (गाडी ओढून न्यायची की चालवायची ते ठरवणारा) टोवर ठेवा. मग महिन्यातून एकदा ग्रॅव्हिटी बघायची आणि 1.225 च्या खाली गेली की परत फुल चार्ज. उन्हाळ्यात जास्त वेळा बघा, तापमान 10 अंश वाढलं की बॅटरी आपोआप उतरायचा वेग साधारण दुप्पट होतो. कडक थंडीत तर उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडं खाली गेलं तरी गोठून तडकू शकते, फुल भरलेली उणे 50 लाही गोठत नाही. म्हणजे कुठल्याही ऋतूत उत्तर एकच, भरलेली ठेवा.

हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवू नका, ब्रेक शू ड्रमला चिकटतात, चाकाला ओट (घरंगळू नये म्हणून अडकण) लावा. टायरची हवा साइडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेत, बहुतेक कार्टला 18 ते 22 पीएसआय. प्रेशरचं पाणी मोटर आणि कंट्रोलरवर मारू नका. एकच बॅटरी गेली म्हणून जुन्या पॅकमध्ये एक नवीन घालायला लोक सांगतात, पॅक जुना असेल तर ते करू नका, जुन्या बॅटऱ्या नवीनलाही ओढून खाली आणतात.

आणि हो, हे सगळं पाण्याच्या लेड-ॲसिडचं झालं. तुमची लिथियम असेल तर ती फुल भरून ठेवायची नाही, 50-60 टक्क्यांवर ठेवायची आणि शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नाही. सील्ड असेल तर झाकण उघडायला जाऊ नका. चार्जिंगची जागा हवेशीर पाहिजे, हायड्रोजन निघतो, तिथे बिडी-सिगारेट नाही. आणि पाना लावताना अंगठी-कडं काढून ठेवा.

एक वही करा. तारीख, गाडी नंबर, प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, पाणी घातलं का, आणि खाली ज्याच्या हुकमाने गाडी उभी राहतेय त्याची सही. चार्जरची लाइन बंद करायला कोणी सांगितलं तर तेही त्याच वहीत, त्याच्याच अक्षरात लिहून घ्या, तोंडी नाही.