एल्डन रिंग आधी की डार्क सोल्स?

प्रश्न : ‘सोल्स’ या अवघड व्हिडिओ गेमच्या मालिकेविषयी बरेच ऐकले आहे. माझ्याकडे बऱ्यापैकी नवा संगणक आहे, मात्र नोकरीमुळे रात्री जेमतेम तासभर मिळतो. मालिका क्रमाने खेळावी की थेट ‘एल्डन रिंग’ घ्यावा? मध्येच अडकून खेळ सोडावा लागेल, अशी धास्ती वाटते.

उत्तर : क्रमाचे बंधन मानू नका. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा, मालिकेतला पहिला खेळ असलेला २००९ चा ‘डेमन्स सोल्स’ प्लेस्टेशनवरच मिळतो, त्यामुळे संगणकावर तिथून सुरुवात करताच येत नाही. शिवाय त्याच कंपनीच्या २०२२ च्या ‘एल्डन रिंग’चे जग आणि कथा स्वतंत्र आहेत. तुमची धास्ती लक्षात घेता मी निःशंकपणे ‘एल्डन रिंग’च सुचवेन, कारण एखादा शत्रू आवरत नसेल तर त्याच्याकडे पाठ फिरवून दुसरीकडे जाण्याची मुभा या खेळात सर्वाधिक आहे.

लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या माळावर पाऊल ठेवताच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार दिसतो. नवखे खेळाडू त्याच्याशी लगेच भिडतात, पुन्हा पुन्हा मरतात आणि सगळा खेळ असाच असणार असे समजून हताश होतात. त्याला वळसा घालून पुढे जावे, हेच तिथे अपेक्षित आहे. पुढे किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट हा बलाढ्य शत्रू आडवा येईल. तो हरत नसेल तर दक्षिणेकडचा वीपिंग पेनिन्सुला धुंडाळा, रून्स (शत्रू मारून मिळणारे, पातळी वाढवायला लागणारे चलन) जमवून पातळी वाढवा, शस्त्र सुधारा आणि मग परत या. मेल्यावर रून्स जागीच पडतात, ते उचलण्याआधी पुन्हा मेलात तर कायमचे जातात. म्हणून मोठ्या लढाईपूर्वी ते खर्च करून टाकावेत.

२०११ च्या ‘डार्क सोल्स’ची सुधारित आवृत्ती नंतर अवश्य खेळा. अनडेड पॅरिशमधल्या चर्चची लिफ्ट खाली उतरते आणि आपण जिथून निघालो त्या फायरलिंक श्राइनलाच पोहोचतो, तेव्हा त्या नकाशाच्या रचनेचे खरोखर कौतुक वाटते. मात्र एका ठिकाणाहून दुसरीकडे थेट जाण्याची सोय त्यात जवळपास निम्मा खेळ झाल्यावर मिळते, आणि तासाभराच्या बैठकीत ही पायपीट जाचते.

याच कंपनीचा ‘सेकिरो’ (२०१९) सर्वांत शेवटी ठेवा. त्यात नेहमीसारखी पातळी वाढवता येत नाही की मदतीला दुसरा खेळाडू बोलावता येत नाही, शत्रूचा वार नेमक्या क्षणी तलवारीवर झेलणे शिकावेच लागते.