उद्योजकांचे प्रश्न : गाळ्यातले तास आणि देशाची उत्पादकता

प्रश्न : रबाळे परिसरातील लघुउद्योजकांच्या एका संघटनेत मी विकास अधिकारी आहे. योजनांची माहिती देणे, मेळावे भरवणे, नोंदण्या करून घेणे हे माझे रोजचे काम. देशाची उत्पादकता वाढली पाहिजे असे वरून सतत सांगितले जाते, पण त्या उद्दिष्टाचा आणि माझ्या कामाचा सांधा मला जुळवता येत नाही. मी नेमके काय करावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : हा सांधा गाळ्यात जुळतो आणि आपण गाळ्याच्या सर्वांत जवळ आहात, म्हणून आपला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जादा पाळी लावून माल वाढवला तर उत्पादन वाढते. तेवढ्याच तासांत, तेवढ्याच विजेत आणि तेवढ्याच पत्र्यात जास्त चांगला माल निघाला तर उत्पादकता वाढते. राष्ट्रीय उत्पादकता परिषदेची स्थापना १९५८ मधली. १२ फेब्रुवारीपासून उत्पादकता सप्ताहही पाळला जातो. मात्र मालकाला ही गोष्ट खऱ्या अर्थाने पटते ती स्वतःच्या यंत्रापाशी उभे राहून वेळ मोजल्यावर.

काही वर्षांपूर्वी महापे बाजूच्या, यंत्राने पत्रा दाबून आकार देणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी दिवसभर घड्याळ घेऊन बसलो होतो. एक डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवून दुसरी चढवायला पावणेदोन तास लागले आणि त्यांतला बोल्ट सोडण्या-आवळण्याचा वेळ अर्ध्या तासाहूनही कमी होता. उरलेल्या वेळात सेटर, म्हणजे डाय बसवणारा कामगार, पाना शोधत होता, हवी ती डाय रॅकच्या मागच्या ओळीतून काढत होता, शेजारच्या गाळ्यातून ट्रॉली मागून आणत होता आणि उंची जुळवण्यासाठी पत्र्याचे तुकडे डायखाली सरकवत होता. मालक त्या वेळी नव्या प्रेससाठी कर्जाची चौकशी करत होते. डायवर क्रमांक रंगवले, पाने फळीवर आकार रेखून टांगले, सर्व डायची बसण्याची उंची एकसारखी करून घेतली आणि काही आठवड्यांत तेच काम पाऊण तासात होऊ लागले. कर्ज काढावे लागले नाही आणि कामगारही तेवढेच राहिले.

अशा कामासाठी, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्यासाठी, केंद्र शासनाची लीन योजना आहे. मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या तिच्या नव्या रूपात सल्लागाराच्या मार्गदर्शनाचा ९० टक्के खर्च शासन उचलते. आपण ती मेळाव्यात समजावून सांगत असालच. माझी विनंती एवढीच, की अर्ज भरून घेण्याआधी त्या गाळ्यात अर्धा दिवस बसा.

पुढची पायरी नोंदवहीची. तयार असलेले पंधरा-वीस उद्योजक निवडा आणि प्रत्येकाकडून दरमहा तीन गोष्टी लिहून घ्या : यंत्र किती तास आणि कशामुळे बंद राहिले, किती माल नापास झाला आणि किती ऑर्डरी वेळेवर गेल्या. आकडे बाहेर फुटले तर मोठा ग्राहक लगेच दर उतरवून मागेल, ही उद्योजकांची भीती रास्त आहे. म्हणून गाळ्याचे नाव आपल्यापाशीच ठेवा आणि बाहेर फक्त एकत्रित आकडे द्या. हा विश्वास एकदा तुटला तर वही तिथेच बंद पडेल, म्हणून त्याला मी सर्वांत अधिक जपेन.

वहीत असेही बरेच काही सापडेल, जे मालकाच्या हातात नसते. वीज किती वेळा गेली हे तारीख-वेळेसह दाखवले की वीज कंपनीशी होणारे बोलणे तक्रारीच्या पुढे जाते. मोजमापाचे महागडे यंत्र एका गाळ्याला परवडत नाही. पण दहा जणांचे नमुने तपासणीसाठी बाहेर जाऊन अडकतात असे दिसले, तर समूह विकास योजनेतून सामायिक सुविधा केंद्र मागण्यासाठी आपल्या हाती भक्कम कारण असते. ठाणे-वाशी रेल्वेमार्ग २००४ मध्ये सुरू झाला, तरी दुसरी पाळी सुटल्यावर कारखान्यापासून स्थानकापर्यंतच्या वाटेवर दिवे नसतील तर स्त्रिया ती पाळी स्वीकारणार नाहीत आणि यंत्र संध्याकाळी बंदच राहील. रस्त्यावरचा दिवा हा उत्पादकतेचाच विषय आहे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

सर्वांत अवघड कारण थकलेल्या बिलांचे असते. पैसे अडकले की उद्योजक कच्चा माल थोडा थोडा आणतो आणि माल संपला की यंत्र थांबते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागू होते. पण एकट्या पुरवठादाराला ऑर्डर जाण्याची धास्ती असते, म्हणून तो दाद मागत नाही. येथे आपल्या संघटनेने पुढे व्हावे, खरेदीदाराशी स्वतः पत्रव्यवहार करावा आणि बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ट्रेड्स व्यवस्थेत खरेदीदार व पुरवठादार दोघांनाही आणावे. वर्षअखेरीच्या अहवालात मेळाव्यांच्या संख्येआधी वाचलेले तास लिहा.

प्रश्न : माझा वागळे इस्टेटमध्ये लहानसा कारखाना आहे. उत्पादकतेचे नाव काढले की आमचे कामगार कपातीच्या भीतीने गप्प होतात. त्यांना काय सांगावे? (एक उद्योजक, ठाणे)

उत्तर : तोंडी काही सांगू नका, लिहून द्या. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या क्षेत्रांपैकी आपली वागळे इस्टेट आहे. आता तिथे चहूबाजूंनी शहर आले असून आपला गाळा वाढणार नाही, हे आपल्या कामगारांनाही दिसते. त्याच जागेत जास्त काम बसवले तरच कारखाना तिथे टिकेल. सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही आणि वाचलेल्या खर्चाचा ठरलेला हिस्सा पगारासोबत मिळेल, असा करार मराठीत करून सूचना फलकावर लावा. नापास माल वजा करूनच हिस्सा मोजा, नाहीतर घाईत दर्जा घसरतो. पहिल्या महिन्याचा हिस्सा, रक्कम कितीही लहान असली, तरी ठरल्या तारखेलाच द्या.